वरच्या ओळीतली उत्तरं

१४ मे २००६, रविवार

टकटक पंख्याची नाही. हार्डडिस्कची आहे. कृष्णातनं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला आणि सरळ सांगितलं, "वहिनी, हिचं काय खरं न्हाय आता. आज हाय, उद्या न्हाय." तोंडावर! शेजारी कॉटवर हे पडलेले, कान चांगले शाबूत. राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, रोज दहा लोकांशी बोलतो, त्याला एवढं कळू नये? मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला. तिथंही तो तेच म्हणाला, फक्त हळू.

डिस्क गेली तर दुसरी मिळेल. पण तिच्यात ह्यांचं बोलणं आहे.

१५ मे

कालचं शेवटचं वाक्य सकाळी वाचलं आणि माझी मलाच भीती वाटली. पण खोटं काय आहे त्यात? हात गेल्या पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर जीभ. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, औषध नाही, सांभाळा. आता राहिलाय डावा पाय. तोसुद्धा अंगठ्यापुरता.

बोटं थोडी चालत होती तेव्हाच ह्यांनी तयारी करून ठेवली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत आयुष्य ओतकामाचे लाकडी पॅटर्न करण्यात गेलं, तिथलंच एका मोडीतल्या मशीनचं बटण मागवलं. ते अंगठ्याखाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पाटी — शब्दांच्या आणि अक्षरांच्या ओळी. एक पिवळी पट्टी ओळीओळीवरून खाली सरकत जाते. हवी ती ओळ आली की अंगठा दाबायचा. मग त्या ओळीतल्या एकेका घरावरून पट्टी जाते. हव्या घरावर परत दाबायचं. शब्द वर मोठ्या अक्षरात उमटतो आणि मशीन 'टुं' करतं, म्हणजे मी जिथं असेन तिथून येऊन वाचावं.

वरच्या ओळीत रोजचे शब्द — हो, नको, पाणी, उशी, आईला बोलवायला अव्वा, बंद. त्याखाली अक्षरं. त्याखाली ह्यांनी एकेक करून भरलेले शब्द. मराठी, कानडी, फौंड्रीतले, शिव्यासुद्धा! मूळ पाटी कुठल्याशा मासिकाच्या सीडीवरची, इंग्रजी. ती मराठी कशी केली, फाइली कुठं दडवल्या, हे त्यांचं त्यांना ठाऊक. कागदावर एक ओळ नाही. फौंड्रीतही असंच. हे साहेब रजेवर गेले की तिकडं काम ठप्प, कारण सगळं डोक्यात.

मार्चमध्ये सोमेशभावजींच्या नव्या कॉम्प्युटरवर ती पाटी नेऊन बघितली होती. उघडली. सगळी घरं रिकामी.

१७ मे

कृष्णातनं आज उपाय सांगितला. इमेज. "आख्ख्या डिस्कचा फोटोच म्हना की." फाइली वेगवेगळ्या उचलायच्या नाहीत. विंडोज, पाटी, सेटिंगं, दडवलेलं, विसरलेलं, सगळं एका मोठ्या फाइलीत बांधायचं. उद्या डिस्क मेली की नवी बसवायची आणि ती इमेज तिच्यावर ओतायची. मशीन जसंच्या तसं उठतं.

ह्यांना सांगितलं. पट्टी बराच वेळ वरखाली नाचली. माझी आमटी उकळून झाली, खाली उतरवली, तरी बटणाची टकटक चालूच. मग 'टुं'. "म्हणजे मास्टर पॅटर्न. रोज वापरायचं लाकूड झिजतं. मास्टर कपाटात ठेवायचा. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते तू निवड. तुला चिकाटी आहे. मला एक अंगठा."

कामं वाटून देण्यात साहेब पहिल्यापासून हुशार.

२० मे

सुट्टी आहे म्हणून बरं. शाळा सुरू असती तर हे सगळं मी कधी बघणार होते?

तीन सॉफ्टवेअरं सापडली आहेत. पहिलं कृष्णातच्या पाकिटातलं — कॉपी केलेली सीडी, वर स्केचपेननं खरडलेलं. कॉम्प्युटर बंद करून या सीडीवरून चालू करायचा, काळ्या पडद्यावर इंग्रजी पट्ट्या येतात, आणि काम होईपर्यंत चार-पाच तास विंडोज नाही. विंडोज नाही म्हणजे पाटी नाही. चार-पाच तास हे मुके. त्यातून ही सीडी इतकी जुनी की बाहेरून जोडलेली डिस्क तिला दिसतच नाही. दुसरं फुकटचं. ते विंडोज चालू असतानाच इमेज काढतं, ह्यांना बोलता येईल. पण इमेज परत घालायची तर वेगळी सीडी आपण बनवायची, आणि तिच्यासाठी विंडोजची मूळ सीडी लागते. मूळ सीडी! आमचं विंडोजच कॉपीचं. मी कृष्णातकडे मागितली. तो हसला आणि पाऊस यंदा लवकर आहे म्हणाला.

तिसरं विकतचं. चालू मशीनची इमेज काढतं, परत घालायची सीडी स्वतःच बनवून देतं, बाहेरची डिस्क ओळखतं. सगळं आहे, म्हणून किंमतही आहे.

अव्वांनी विचारलं, काय शोधतेस गं एवढं? मी म्हटलं, तुमच्या बसवेशचं बोलणं ठेवायला डबा शोधतेय. उगाच बोलले असं झालं मला. आई आहे ती.

२४ मे

सायबर कॅफेत दोन तास. जगभरातले लोक या विषयावर भांडतायत! एक म्हणतो हे चांगलं, दुसरा म्हणतो ह्यानं माझं वाटोळं केलं. एकानं लिहिलंय, इमेज काढली म्हणजे झालं असं समजू नका, ती परत घालून बघा, नाहीतर तुमच्याकडे इमेज नाही, फक्त समाधान आहे. हे वाक्य मी हातावर लिहून आणलं. ह्यांना दाखवलं. "बरोबर. नमुना ओतून बघितल्याशिवाय पॅटर्न पास करत नाही," असं आलं उत्तर.

बाकी कुणी लिहीत नाही की आमच्या घरात एक माणूस त्या डिस्कवर बोलतो. सगळ्यांचे फोटो आणि गाणी.

२८ मे, रविवार

काढली! फुकटच्यानं. म्हटलं आधी इमेज तर होऊ दे, सीडीचं मागाहून बघू. डी ड्राइव्हवर जागा होती तिथं ठेवली. मधे भारनियमनाची वेळ येत होती, मी घड्याळाच्या काट्याकडे बघत बसले होते, पण त्याआधी झालं. हे दिवसभर मधून मधून बोलत होते आणि पाठीमागं इमेज होत होती. कौतुक वाटलं मला. माझंच.

२९ मे

माझं कौतुक एक दिवस टिकलं.

सकाळी हौसेनं ह्यांना सांगितलं, इमेज डी मध्ये आहे, सी गेलं तरी काळजी नाही. पट्टी फिरायला लागली. "अगं डी म्हणजे त्याच घरातली दुसरी खोली. घरच पडलं तर?"

डिस्क एकच! सी आणि डी ही नुसती नावं. वीस वर्षं शिकवतेय मी पोरांना आणि हे माहीत नाही. कृष्णातला फोन केला तर म्हणाला, "व्हय की वहिनी, निम्मं कोल्हापूर तसंच ठेवतंय." निम्म्या कोल्हापूरचं जाऊ दे. निम्म्या कोल्हापूरच्या डिस्कमध्ये नवरा नाही.

ह्यांनी वर आणखी एक ओळ टाकली. "रडू नको. आमटीत मीठ पडेल, नाहीतरी तू घालत नाहीसच."

२ जून

ठरलं. विकतचंच घ्यायचं, आणि बाहेरची डिस्क. कृष्णात पुण्याहून मागवून देणार.

पैशाची जुळणी एकाच ठिकाणाहून होते. मोटारसायकल. दीड वर्ष जिन्याखाली झाकून उभी आहे. ह्यांना विचारलं. समोर बसून, नीट. "विकू का?" उत्तर आलं, "हो." एवढंच. मी म्हटलं, मनापासून सांगा. परत "हो".

४ जून, रविवार

गाडी सोमेशभावजींनीच घेतली. घरातल्या घरात राहील म्हणाले. किक मारली, पहिल्या झटक्यात सुरू झाली. दीड वर्षानं! कॉटवरून ह्यांना जिना दिसत नाही, पण आवाज गेला असणारच. भावजी खिडकीतून मोठ्यानं ओरडले, "दादा, काय फायरिंग हाय रं अजून!" ह्यांचे डोळे छताकडे.

त्या माणसाला मनानं वाईट म्हणवत नाही. पण गप्प बसायला काय घेतो काय जाणे.

११ जून, रविवार

इमेज झाली. ह्यावेळी खरी. बाहेरच्या डिस्कवर.

आज कर्नाटकी बेंदूर. अव्वांनी मातीच्या बैलांची पूजा केली, सकाळच्या लिंगपूजेची विभूती ह्यांच्या कपाळाला लावली, मग नेहमीसारखी तीन बोटं मॉनिटरला. आणि मग ती नवी डिस्क मागून घेतली आणि तिलाही. मी म्हटलं, अव्वा, भोकातून आत जाईल. "जाऊ दे की. आत त्योच हाय न्हवं?"

इमेज होत होती तेव्हा पडद्यावर निळी रेघ भरत होती. हे म्हणाले, "माझा फोटो काढतेयस. हसू का?" मी हसले, मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. बाहेर आले तर पडद्यावर आणखी: "लवकर आलीस. मला वाटलं संध्याकाळपर्यंत रडशील."

१८ जून, रविवार

परत घालूनही बघितली. कृष्णातनं दुकानातली कुणा गिऱ्हाइकाची रिकामी डिस्क आणली, आपली काढली, ती बसवली, सीडी घातली. तीन तासांनी मशीन उठलं. तेच विंडोज, तीच पाटी, तेच शब्द, तीच पट्टी. ह्यांनी अंगठा दाबला: "शाबास."

मग ती काढून आपली जुनी परत बसवली. मजा म्हणजे तिची टकटक थांबली आहे! मी नवीच डिस्क घेऊ म्हटलं तर कृष्णात म्हणाला, "चालतीया तवर चालू दे की वहिनी. इमेज हाय आता. कशाला भ्यायचं?"

खरंच, कशाला भ्यायचं?

२७ जून

शाळा सुरू झाल्यापासून दुपारी दोनपर्यंत ह्यांच्याजवळ अव्वा. घरी येऊन विचारलं, काय काय झालं आज? उत्तर: "पाणी."

दिलं.

५ जुलै

हे कमी बोलतायत. आधी वाटलं मलाच वेळ नाही. पण नाही. आज मुद्दाम मीठ कमी घातलं आमटीत. खरंच घातलं कमी! चमच्यानं भरवताना तोंडाकडे बघत होते. काही नाही. नंतर विचारलं, कशी होती? "हो." कशी होती याचं उत्तर हो?

वरच्या ओळीच्या खाली उतरत नाही हा माणूस. हो, नको, पाणी, उशी, अव्वा, बंद. शेकडो शब्द भरून ठेवलेत खाली, ते काय मला वाचायला?

९ जुलै, रविवार

सोमेशभावजी आले, नृसिंहवाडीची बासुंदी घेऊन. गाडी खिडकीखालीच लावली. "दादा, आवाज ऐकलास न्हवं? टायर बी बदलल्यात." ह्यांनी लिहिलं, "हो." भावजी तासभर बसले, बडबडले, ह्यांनी दुसरा शब्द काढला नाही. मग "बंद". म्हणजे कॉम्प्युटर बंद कर, मला झोपायचंय.

भावजी जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, दादाला गाडी इकलेलं लागलंय काय?"

तोवर माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आता जात नाही.

१० जुलै

आलं ना लक्षात. दोन जूनला विचारलं तेव्हाही नुसतं "हो". त्याच्या चारच दिवस आधी मिठावरून टोमणे मारत होते! गाडी गेली आणि बोलणं आटलं. अकरा जूनला तेवढं बोलले, ते सण होता म्हणून असेल.

मी काय हौसेनं विकली?

१६ जुलै, रविवार

दर महिन्याला ताजी इमेज काढायची असं सॉफ्टवेअर सांगतंय, पडद्याच्या कोपऱ्यात सारखं फडफडतं. ह्यांना विचारलं, काढूया? "नको." का? "नको."

बरं. नको तर नको. माझ्या जिवाला तरी कशाला तोशीस?

२३ जुलै

आज धीर करून विषय काढला. अव्वा देवळात गेल्या होत्या. कॉटजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, गाडी विकली याचं वाईट वाटलं असेल तर तसं बोला. रागवा. शिव्या आहेत खाली, त्यातली एक द्या. पण हे असं करू नका, मला सहन होत नाही.

पट्टी फिरत राहिली. मी पडद्याकडे बघत राहिले. केवढा वेळ. मग 'टुं'.

"पाणी."

मी माफी मागतेय आणि ह्यांना तहान! पाणी दिलं. थोडं उशीवर सांडलं. लगेच "उशी". उशी बदलली. मग गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे उगाच झटकून झटकून त्यांच्या घड्या केल्या.

२४ जुलै

अव्वांना सांगितलं. म्हणाल्या, "बसू लहानपनी रुसला की असाच. दोन दोन दिस तोंड उघडायचा न्हाय. मग आपोआप यायचा." आणि ह्यांच्याजवळ जाऊन वाकून, अगदी प्रेमानं, "बसू, नीर बेकेन?" म्हणजे पाणी हवं का. त्यांना उत्तर "हो". पाणी मात्र घोटभरच प्यायले.

म्हणजे रुसवाच. आईला तरी मुलगा कळतो.

६ ऑगस्ट, रविवार

पंचगंगेला पूर. उद्याही शाळा नाही. दिवसभर घरात आम्ही दोघं आणि अव्वा. मी ठरवलं होतं, आज मीही बोलणार नाही. अकरा वाजेपर्यंत टिकलं. मग वर्तमानपत्र वाचून दाखवलं, पुराचं पाणी कुठपर्यंत आलं, कोणता रस्ता बंद. दिवसभरात ह्यांचे शब्द: पाणी, अव्वा, बंद.

लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात हा माणूस कधी एवढा धरून बसला नव्हता. आजार माणसाला बदलतो म्हणतात. मला आजारापेक्षा हे जड जातंय, लिहायची लाज वाटते पण जातंय. आजारात निदान आम्ही दोघं एका बाजूला होतो.

१३ ऑगस्ट

काहीच लिहिण्यासारखं नाही.

१६ ऑगस्ट

डिस्क गेली.

सकाळी भाकरी थापत होते. खर्र असा आवाज, मग दोन टोले, मग पडदा निळा आणि काळा. मी पिठाच्या हातानं धावले. चालू-बंद, चालू-बंद. काही नाही. ह्यांचा अंगठा तरी बटणावर हलत होता. दाबत होते, सोडत होते. कशावर? मी पाय धरला आणि म्हटलं, थांबा, इमेज आहे.

ठरवलंय — डोळे मिटले म्हणजे हो. उघडेच राहिले म्हणजे नाही. प्रश्न मी विचारायचे. पाणी हवं? उशी? अव्वा? मग प्रश्नच संपले. त्या मेल्या वरच्या ओळीवर मी चिडत होते, आता तिचीही आठवण येते.

१७ ऑगस्ट

कृष्णात परगावी. शनिवारी येतो म्हणाला.

ह्यांना काहीतरी सांगायचंय. डोळे सारखे बंद मशीनकडे. मी विचारून विचारून दमले. दुखतंय? नाही. गरम होतंय? नाही. अव्वांबद्दल? नाही. माझ्याबद्दल? डोळे मिटले.

माझ्याबद्दल काय ते कसं विचारू?

१९ ऑगस्ट, शनिवार

मशीन उठलं!

नवी डिस्क, आपली सीडी, आपली इमेज. लाइट जायची वेळ जवळ येत होती, कृष्णातही घामाघूम. नव्वद टक्के, पंच्याण्णव, आणि मग विंडोजचा आवाज. अव्वांनी हात जोडले. पडद्यावर तीच पाटी, सगळे शब्द जागच्या जागी. मी खालच्या ओळींत जाऊन बघितलं, शिव्यासुद्धा! कृष्णात म्हणाला, "वहिनी, तुमी निवडलेलं एकदम कडक निघालं." मी त्याला बासुंदी आणून वाढली. चिकाटी आहे मला, खरंच आहे.

तेवढ्यात लाइट गेली. राहू दे. उद्या बोलतील. आता सगळं मनातलं बाहेर येऊ दे, शिव्या दिल्या तरी चालतील.

२० ऑगस्ट, रविवार

इमेज बिघडलेली आहे.

सकाळी चालू केलं. ह्यांनी अंगठा दाबला. "उशी." मी उशी नीट केली. डोळे उघडेच — नाही. परत "उशी". मग "बंद". मग परत "उशी". मी म्हटलं, पाणी हवंय का? डोळे मिटले. पाणी दाबलं तर उशी येतेय! अव्वा दाबलं तर बंद! सगळं पुढं सरकलंय. अक्षरं तर विचारूच नका. ट, ढ, ब, असलं काहीतरी. पडद्यावर नुसता कचरा.

एवढी तीन-तीन सॉफ्टवेअरं बघितली, गाडी विकली, हातावर वाक्यं लिहून आणली, आणि हे? महिन्याला ताजी काढली असती तर दुसरी हाताशी असती. ह्यांनीच नको म्हटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. मोठ्यानं बोलले मी. अव्वा स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दुपारनंतर ह्यांनी अंगठा उचललाच नाही.

२१ ऑगस्ट, श्रावण सोमवार

शाळेतून अर्धा दिवस रजा. कृष्णात आला. मी दारातच सुरू केलं, तुमचं सॉफ्टवेअर असं आणि तसं. त्यानं मशीन तपासलं, पाटीची उघडझाप केली, कॉटजवळ खुर्ची ओढली. मग चप्पल काढून, ह्यांच्या पायाखालचं बटण हळूच काढून आपल्या पायाखाली घेतलं.

त्यानं लिहिलं, "पाणी." पडद्यावर पाणी. मग "अव्वा". अव्वा. मग अक्षरं — कृष्णात. अगदी बरोबर, काना-मात्रेसकट. पट्टी सरकत होती आणि तो बरोबर घरावर दाबत होता.

"मशीन बरोबर हाय, वहिनी," म्हणाला. बटण परत जागेवर ठेवलं. ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चपलेत पाय घातले. जाताना जिन्यात हळू आवाजात सांगितलं, "पाटीत सगळ्यात खाली येग लिवलाय बगा. त्यो बगा एकदा." चहा न घेता गेला.

२२ ऑगस्ट

वेग. पट्टी एका घरावर किती थांबते, ते.

जूनच्या इमेजमध्ये एक सेकंद आहे. मी दोन केला. पाणी मागायला सांगितलं, उशी आली. तीन केला. चार. पाचलाही उशी. सहा सेकंदांना पाणी आलं.

मी विचारलं, "तुम्हीच थोडा थोडा वाढवत होतात? मी शाळेत गेल्यावर?" डोळे मिटले.

"खालच्या ओळीपर्यंत पट्टी यायला फार वेळ लागतो, पाय टिकत नाही, म्हणून वरचेच शब्द?" डोळे मिटले.

"गाडीसाठी रुसला होतात?"

डोळे उघडेच. माझ्याकडे बघत होते.

रुसले असते तर किती बरं झालं असतं.